क्लबच्या दुकानाची वेळ ठरवायचीय? आधी चावी कुणाकडे ते ठरवा

‘सकाळी १० ते रात्री ९. सोमवारी बंद.’ सोलापुरातल्या आमच्या फुटबॉल क्लबच्या दुकानाची ही पहिली पाटी. पिवळ्यावर निळी अक्षरं, रंगवून घेतलेली, लांबून वाचता येईल अशी. आठवड्याचे सहासष्ट तास! त्यातले दहा तास तरी दुकान खरोखर उघडं असायचं का, याची मला आजही शंका आहे. बाकी वेळ कुलूप, आणि कुलपासमोर उभं राहून पाटी वाचणारं एखादं पोरगं.

ही वेळ आम्ही कुठून आणली? नवी पेठेतून, म्हणजे गावातल्या बाजारपेठेतून. तिथली दुकानं साधारण अशीच चालतात, मग आपणही तसंच करू, असा सोपा हिशेब. पण नवी पेठेत माणूस चार दुकानं फिरायलाच जातो. मैदानाच्या कडेच्या दहा बाय बाराच्या खोलीकडं फिरत फिरत कुणी येत नाही. जो येतो तो मैदानावर आलेला असतो म्हणून येतो. ‘बाजाराची वेळ तीच आपली वेळ’ असं सांगणारे सल्लागार तुम्हालाही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि पाठवून द्या.

माल, बिलबुक, क्यूआर कोड हे सगळं झालंय असं धरून चालतो.

१. पंधरा दिवस नुसतं मोजा

वहीत लिहायचं ठरवलं तर दोन दिवसांत वही हरवते. त्यापेक्षा यूपीआयच्या ॲपमधला व्यवहारांचा इतिहास उघडा. प्रत्येक पैशापुढं वेळ असते. कुठला वार, किती वाजता, बस्स. बंद असताना कोण येऊन गेलं हे मात्र ॲपला कळत नाही. ते शेजारच्या चहाच्या टपरीला कळतं. आम्ही टपरीवाल्या काकांना सांगून ठेवलं होतं, ‘आमचं दुकान कधी उघडतं असं कुणी विचारलं की खडूनं भिंतीवर एक रेघ मारा, सकाळची डावीकडं, संध्याकाळची उजवीकडं.’ पंधरा दिवसांनी डाव्या बाजूला फक्त रविवारच्या रेघा होत्या. दुपारी कुणी विचारलंच नव्हतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात मोजे घ्यायला कोण येणार? आम्ही मात्र दुपारी दोन वाजता पंखा लावून बसायचो.

२. सरावाला चिकटून वेळ घ्या

सराव सुरू व्हायच्या आधी अर्धा तास आणि संपल्यावर अर्धा तास, एवढंच गिऱ्हाईक असतं. सराव उजेडावर चालतो. डिसेंबरात सहाला अंधारून येतं, जूनमध्ये सात वाजून जातात, त्यामुळं हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची वेळ वेगळी ठेवावी लागते.

३. चावी

इथं थांबा. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर दुरुस्त होतात. ही चुकली तर पाटीवर काहीही लिहा, ते खोटंच ठरतं.

क्लबच्या दुकानात पगारी माणूस नसतो. कुणी शिक्षक असतो, कुणी एमआयडीसीत कामाला, कुणी कॉलेजात. सगळे हौसेनं येतात आणि हौसेनंच येत नाहीत. म्हणजे प्रश्न घड्याळाचा नसतोच. अमुक वाराला, अमुक वाजता, कुलपासमोर चावी घेऊन कोण उभं असेल, हा प्रश्न असतो. मला हे कळायला दीड वर्ष लागलं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी चावी एकच होती, आमच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांकडं. एका रविवारी ते सहकुटुंब तुळजापूरला दर्शनाला गेले आणि चावी त्यांच्या खिशात गेली. त्याच सकाळी मोहोळहून एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलाचा वाढदिवस होता, त्याला क्लबची जर्सी हवी होती. मी हात जोडून उभा. मुलगा कुलपाकडं बघत होता आणि त्याची आई माझ्याकडं. ती नजर अजून विसरलेलो नाही.

मग चिडून तीन चाव्या केल्या, तिघांना वाटल्या. आधीपेक्षा वाईट झालं. प्रत्येकाला वाटायचं दुसरा उघडेल. व्हॉट्सॲपच्या गटात साडेपाचला ‘कोण आहे?’, पावणेसहाला ‘मला वाटलं तू आहेस’, सहाला एक हात जोडलेलं चित्र. तिघांकडं चावी म्हणजे कुणाकडंच नाही.

मग कुणीतरी आकड्यांचं कुलूप आणलं. चावीच नको! महिन्याभरात चौदा वर्षांखालच्या अख्ख्या संघाला तो आकडा पाठ होता. चोरी कुणी केली नाही, पण पोरं सरावाआधी आत जाऊन पंख्याखाली झोपायला लागली. टपरीवर चावी ठेवून पाहिली, तर काका पुतण्याच्या लग्नाला गेले आणि चार दिवस टपरीच बंद.

शेवटी जे टिकलं ते असं. चाव्या दोन. एक कपाटात, ती कुणीच वापरायची नाही. दुसरी फिरती. प्रत्येक वाराला एकच नाव, आणि त्या नावाला जोडून एक बदली नाव. बदली माणूस मैदानापासून दहा मिनिटांत चालत येणारा हवा. जुळे सोलापुरातला दिलदार मित्र काही कामाचा नाही. ज्याचा वार त्यानं आदल्या रात्रीपर्यंत चावी हातात घेतलेली असली पाहिजे, आणि येणं जमणार नसेल तर ती बदली माणसाच्या हातात नेऊन द्यायची. फोनवर ‘तू बघ ना जरा’ चालणार नाही. चावी या हातातून त्या हातात गेली तरच जबाबदारी गेली.

‘आज आमच्याकडं पाणी आहे’ हे सोलापुरातलं सगळ्यात खरं कारण. काही दिवसांआड येणारं पाणी, तेही कधी पहाटे, कधी भर संध्याकाळी. घरात भरायला दुसरं कुणी नसेल तर माणूस हलूच शकत नाही. त्याच्यावर चिडू नका, पण बदली माणूस त्याच्याच गल्लीतला घेऊ नका. दोघांकडं पाणी एकदमच सुटतं. आमच्याकडं दोन गुरुवार असेच गेले.

आणि प्रशिक्षकाकडं चावी कधीही देऊ नका. तो रोज वेळेवर येतो म्हणून मोह होतो. पण दुकान उघडायची वेळ आणि त्यानं मैदानात उतरायची वेळ एकच असते. पोरं धावून दमलेली, एक पालक दुकानाशी ताटकळत उभा, आणि प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरून दोन्हीकडं पळतोय, हे दृश्य मी महिनाभर पाहिलंय.

आता वेळ ठरवा. कागदावर सात वार लिहा, त्यापुढं नावं भरा. ज्या वारापुढं दोन नावं नाहीत तो वार पाटीवर नाही. मन घट्ट करा. आमच्या सहासष्ट तासांचे नऊ उरले: मंगळवार, गुरुवार आणि शनिवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, रविवार सकाळी सात ते दहा. बैठकीत आरडाओरडा झाला. ‘मग दुकान कशाला म्हणायचं, कपाट म्हणा’ असंही एकानं सुनावलं. विक्री घटली नाही. फार वाढली असंही सांगणार नाही. पण ‘काय बे, तुमचं दुकान उघडं कधी असतंय?’ हा प्रश्न बंद झाला.

पगारी माणूस ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवता येईल, पण कामाला असलेल्या माणसाला आठवड्याची एक सुट्टी द्यायलाच हवी. म्हणजे बदली माणूस तिथंही लागतोच.

४. सामन्याच्या दिवशी

सामन्याची वेळ वारावर लावू नका, शिट्टीवर लावा. सुरू होण्याआधी एक तास उघडा, हाच खरा धंद्याचा तास.

मध्यंतरावर भिस्त ठेवू नका. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. जर्सीचं एक गिऱ्हाईक म्हणजे अंगावर धरून बघणं, ‘एक नंबर मोठा दाखवा की’, मग पैसे पाठवताना फिरत राहणारं ते चक्र, तीन मिनिटं सहज जातात. म्हणजे पाच गिऱ्हाइकं झाली की खेळ सुरू, आणि मागं वीस जण कुरकुरत उभे. आम्ही मध्यंतरात माप लागणारी कुठलीही वस्तू विकत नाही. टोप्या, किल्लीच्या साखळ्या आणि टॉवेल, बस्स. टॉवेलवर हसू नका. क्लबचं बोधचिन्ह विणलेला टॉवेल आमच्याकडं जर्सीपेक्षा जास्त खपतो. युरोपातल्या क्लबांचं बघून आम्ही आधी लोकरीचे मफलर करून घेतले होते. सोलापुरात, लोकरीचे! ते अजून खोक्यात आहेत. टॉवेल ही या गावाची वस्तू, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि घाम तर सगळ्यांनाच येतो.

खेळ चालू असताना शटर अर्धं खाली. यावर माझ्याशी वाद घालू नका. नव्वद मिनिटं मैदानाकडं पाठ करून गल्ल्यावर बसेल असा स्वयंसेवक जन्माला यायचाय. आमच्या एका सामन्यात गोल झाला, दुकानातला पठ्ठ्या ओरडत बाहेर पळाला, परत आला तेव्हा मोज्यांच्या दोन जोड्या गायब. त्यालाही सामना बघू द्या. सामना संपल्यावर अर्धा तास उघडं ठेवा. हरलो असू तर दहा मिनिटं पुरतात.

५. गावाचं आणि टीव्हीचं कॅलेंडर

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, रस्ते वळवलेले असतात, आणि तुमचे निम्मे स्वयंसेवक तिकडंच असतात. ते दिवस सरळ बंद ठेवा आणि आठवडाभर आधी पाटीवर लिहा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. पूर्व भागातली मुलं तुमच्याकडं खेळत असतील तर त्या दिवशी कुणीच फिरकत नाही. गणेश विसर्जनाचं वेगळं सांगायला नको.

रमजानात वेळ उलटी करा. आमच्या संघातली कितीतरी मुलं रोजे धरतात. साडेपाच ते साडेसात म्हणजे नेमकी घर गाठायची वेळ, इफ्तार जवळ आलेला. आम्ही त्या महिन्यात दोन वार रात्री नऊ ते साडेदहा उघडतो, आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात ती खोली पुरत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, म्हणून मागच्या वर्षीची तारीख डोळे झाकून उतरवू नका.

जूनच्या मध्यात शाळा उघडतात. मोजे, नडगीचे पॅड, बूट, सगळं त्याच दोन आठवड्यांत मागितलं जातं. वर्षातले जादा तास वापरायचेच असतील तर तिथं वापरा.

शनिवारी संध्याकाळ अचानक ओस पडते त्याचं कारण मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. इंग्लंडमधले दुपारी तीनचे सामने आपल्याकडं साडेसातला सुरू होतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं गेली की साडेआठला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेसात. म्हणून आमचा शनिवार हिवाळ्यात आठपर्यंत ताणता येतो, एरवी साडेसातला दुकान वाढवायचं. विश्वचषकाचंही तसंच. २०२२ची कतारमधली अंतिम लढत १८ डिसेंबरला आपल्याकडं रात्री साडेआठला होती, रविवारी. सकाळी दुकानावर झुंबड होती, पण मागणी सगळी अर्जेंटिनाच्या दहा नंबरची, म्हणजे मेस्सीच्या जर्सीची. आम्ही ती विकत नाही आणि नकली तर नाहीच नाही. २०२६चा विश्वचषक ११ जून ते १९ जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. तिकडचे सामने आपल्याकडं रात्री आणि पहाटे दिसणार, त्यामुळं त्या दिवसांत रविवारी सकाळी सातला कुणाचं नाव लिहायच्या आधी तो झोपणार कधी ते विचारा.

६. पाटी

वार आणि आकडे मोठे, बाकी मजकूर नको. या गावात कन्नड वाचणारे आहेत, तेलुगू वाचणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत. आकडा सगळ्यांना कळतो. रंगवून घेऊ नका, खडूची फळी लावा.

गुगल मॅप्सवरही तीच वेळ टाका. तिथं सणासुदीसाठी विशेष वेळ टाकायची सोय आहे, ती वापरा. आम्ही वापरली नव्हती. संक्रांतीच्या दिवशी मॅपवर ‘उघडे आहे’ असं बघून एक गृहस्थ अक्कलकोटहून आले. त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

७. दर तीन महिन्यांनी

पुन्हा यूपीआयचा इतिहास, पुन्हा तो नावांचा कागद. विक्री असूनही वार काढावा लागतो आणि विक्री नसूनही ठेवता येतो. माणूस आहे की नाही ते बघा. आमचा गुरुवार आत्ता डळमळीत आहे. तो ज्याचा वार आहे त्या पोराची यंदा बारावी, आणि बदलीवाला नोकरीसाठी पुण्याला चाललाय. जानेवारीपर्यंत दुसरी दोन नावं मिळाली तर ठीक, नाहीतर गड्डा उलगडला की फळीवरून गुरुवार पुसून टाकणार.