फिरती कादंबरी अडकू नये म्हणून

भविष्यकाळात घडणारी जाडजूड गुन्हेगारी कादंबरी मित्रमंडळीत फिरवायला काढली, की तिसऱ्या-चौथ्या घरी हमखास अडकते. त्यावर हा उपाय.

१. पुस्तकात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा. त्यावर वाचकांची नावं घरांच्या क्रमानं लिहा. नाशिकमध्ये असाल, तर: नाशिकरोड, द्वारका, पंचवटी, मग गंगापूर रोड. उलटसुलट फेऱ्या वाचतात.

२. पुस्तक पोचवायचं नाही, पुढच्यानं येऊन न्यायचं. खरी मेख इथेच आहे. देणारा चालढकल करतो. ज्याला वाचायची ओढ आहे, तो स्वतःहून फोन करतो. मुदत १५ दिवस. संपलं नाही, तरी पुढे द्यायचं आणि यादीत शेवटी पुन्हा नाव लिहायचं.

३. अशा कादंबरीत नवनवी यंत्रं, बदललेली शहरं, पोलिसांची अनोळखी पदं येतात आणि पहिल्या ५० पानांत बरेच जण गळतात. म्हणून पहिल्या वाचकानं पुठ्ठ्याच्या मागे अशा शब्दांचा अर्थ पान क्रमांकासह लिहावा. वस्तू काय आहे एवढंच. ती कुणी वापरली, ते मुळीच नाही.

४. मागच्या कव्हरला आतून लिफाफा चिकटवा. अर्धं पुस्तक झालं की प्रत्येकानं आपला संशयित चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा. लिफाफा सगळ्यांचं वाचून झाल्यावरच उघडायचा. यानं रेंगाळणाराही वाचत राहतो.

एक सांभाळा: पुस्तकात पेन्सिलीचीही खूण नको. एका नावाखाली रेघ दिसली, की पुढच्या सगळ्यांना खुनी कळतो. दिसलीच तर पुढे देण्याआधी खोडून टाका.