नेटवर्क ड्रायव्हर लिहिताय? रिंग आणि एसकेबीच्या या चुका टाळा

पिंगला उत्तर आलं की ड्रायव्हर झाला, असं समजून काम गुंडाळणारे फार आहेत. पिंग सेकंदाला एक पॅकेट पाठवतो. तेवढ्यात रिंग (कार्डाला द्यायच्या कामांची मेमरीतली गोल यादी) भरत नाही, दोन कोअर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, मेमरी कमी पडत नाही. ड्रायव्हरचा जो भाग चुकलेला असतो, तो पिंगमध्ये चालतच नाही. खालच्या चुका लिनक्स ड्रायव्हरमधल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकाच गोष्टीवरून होतात: हा डिस्क्रिप्टर (रिंगमधली एक नोंद: पॅकेट कुठे आहे, किती लांब आहे), हा बफर या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे, याचा हिशोब सुटतो.

सुरुवात रिंगपासून. समजा 256 डिस्क्रिप्टर आहेत, प्रत्येक 16 बाइटचा. म्हणजे 4096 बाइट, बरोबर एक पान. त्यावर दोन आकडे फिरतात: पुढचं पॅकेट कुठे भरायचं आणि पाठवून झालेलं कुठून साफ करायचं. दोन्ही सारखे झाले की रिंग रिकामी. पण 256 च्या 256 जागा भरल्या तरी ते सारखेच होतात! म्हणून एक जागा कायम मोकळी ठेवा आणि 255 च वापरा. वेगळा काउंटर ठेवून ही एक जागा वाचवायला जाऊ नका. तो काउंटर पाठवणारा आणि साफ करणारा असे दोघेही बदलतात आणि त्यासाठी लॉक किंवा अटॉमिक ऑपरेशन लागतं.

आता सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक. रिंग भरत आली की ड्रायव्हर क्यू (कर्नलकडून येणाऱ्या पॅकेटांची रांग) थांबवतो, जागा झाली की चालू करतो. सरळ वाटतं. ऊस हंगामात कारखान्याच्या यार्डाचं चित्र डोळ्यासमोर आणा. यार्ड भरलंय असं पाहून वॉचमन गेट लावायला निघाला. तो गेटपाशी पोचेपर्यंत आतल्या सगळ्या गाड्या खाली होऊन बाहेर पडल्या. शेवटच्या गाडीवाल्याने गेट उघडंच पाहिलं, म्हणजे कुणाला सांगायचं कारण नाही. मग वॉचमनने गेट लावलं. आत यार्ड रिकामं, बाहेर रांग, आणि गेट उघडायला सांगणारा कुणीच उरला नाही.

ड्रायव्हरमध्ये हुबेहूब हेच होतं. एका कोअरवर पाठवणारं फंक्शन जागा मोजतं, कमी दिसते. क्यू थांबवण्याआधीच दुसऱ्या कोअरवर नापी पोल (आलेली आणि पाठवून झालेली पॅकेटं आवरणारं ड्रायव्हरचं फंक्शन) सगळे डिस्क्रिप्टर साफ करतो, क्यू चालूच आहे असं पाहतो आणि निघून जातो. मग पहिला कोअर क्यू थांबवतो. कार्डाकडे आता पाठवायला काही नाही, म्हणजे पूर्ण झाल्याचा इंटरप्टही येणार नाही.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कोअरच्या बोर्डावर हा प्रकार महिनाभर चालला. दिवसभर सगळं सुरळीत. शिफ्ट संपली की साठलेला डेटा सर्व्हरवर चढवायला सुरुवात व्हायची आणि त्यातच कधीतरी नेटवर्क गप्प. लॉगमध्ये एक अक्षर नाही. इंटरफेस डाउन करून अप केला की पुन्हा सुरू, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी डाउन-अप लावून दिलं. असा जुगाड सगळ्यात घातक. डाउन-अपमध्ये क्यू नव्याने सुरू होते, लक्षण झाकतं आणि तेवढ्या वेळातला डेटा जातो. खरी खूण समोरच होती: ‘आयपी -एस लिंक’च्या आउटपुटमध्ये आरएक्सचा (आलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढत होता, टीएक्सचा (पाठवलेल्यांचा) जागचा हलत नव्हता. लॉग कोरा राहिला, कारण ड्रायव्हरमध्ये टीएक्स टाइमआउटचं फंक्शनच लिहिलेलं नव्हतं. ते नसेल तर कर्नल त्या इंटरफेससाठी वॉचडॉग (क्यू अडकली का ते पाहणारा टायमर) सुरूच करत नाही. ते असतं तर, वेगळी वेळ दिलेली नसताना, पाच सेकंदांनी ‘ट्रान्समिट क्यू 0 टाइम्ड आउट’ अशी ओळ स्वच्छ आली असती.

दुरुस्ती अशी. पाठवणाऱ्या बाजूने आधी क्यू थांबवा, मग पूर्ण मेमरी बॅरियर (आधीचं वाचणं-लिहिणं पुढच्याच्या आधी व्हावं अशी सक्ती), मग जागा पुन्हा मोजा. जागा झाली असेल तर क्यू तिथेच चालू करा. साफ करणाऱ्या बाजूने आधी आपला आकडा पुढे सरकवा, मग बॅरियर, मग क्यू थांबलेली आहे का ते बघा. बॅरियर दोन्हीकडे लागतो, एकीकडे टाकून भागत नाही. क्यू कधी थांबवायची? सगळ्यात मोठं पॅकेट मावणार नाही इतकी जागा उरली की. एका एसकेबीत (लिनक्समध्ये पॅकेट ज्यात असतं ते स्ट्रक्चर) नेहमीच्या कर्नलमध्ये 17 तुकडे असू शकतात, शिवाय मुख्य भागाचा एक. म्हणजे किमान 18, आणि चेकसमसाठी कार्डाला जादा डिस्क्रिप्टर लागत असेल तर तोही धरा. एकच जागा उरली की थांबवू, हा हिशोब चुकीचा.

ही चूक क्यूईएमयूत (आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) दिसत नाही, कारण तो काही सांगितलं नाही तर एकच कोअर देतो. चार कोअर द्या, ‘एथटूल -जी’ने (कॅपिटल जी) रिंग मुद्दाम 64 वर आणा, आणि आयपर्फचे (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) चार प्रवाह रात्रभर चालू ठेवा. ड्रायव्हर पास झाला असं त्यानंतरच म्हणावं.

दुसरी जुनी दुखणी डोअरबेलच्या (नवं काम आलंय हे कार्डाला कळवणारं रजिस्टर) आसपासची. क्रम पक्का लक्षात ठेवा: डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता आणि लांबी भरा, डीएमए (कार्डाने मेमरी थेट वाचणं-लिहिणं) राइट बॅरियर टाका, मग मालकीचा बिट कार्डाला द्या, शेवटी डोअरबेल. घेताना उलट: आधी ‘झालं’ हा बिट वाचा, मग रीड बॅरियर, मगच लांबी. इंटेलच्या मशीनवर बॅरियर विसरला तरी सहसा निभावतं. तोच कोड आर्मवर गेला की अधूनमधून जुनी लांबी वाचली जाते आणि दोष हार्डवेअरवर ढकलला जातो.

आणि डोअरबेल वाजवल्यावर एसकेबीला हात लावायचा नाही. पाठवलेल्या बाइटांच्या बेरजेसाठी त्यातली लांबी डोअरबेलनंतर वाचणारा कोड सर्रास दिसतो. तोवर दुसऱ्या कोअरने तो एसकेबी मोकळा केलेला असू शकतो. लांबी आधीच व्हेरिएबलमध्ये घ्या, किंवा बेरीज साफ करतानाच करा. के-असान (चुकीचा मेमरी वापर पकडणारी सोय) चालू असलेला कर्नल हे लगेच पकडतो. तो हळू चालतो म्हणून बंद करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. डीएमए मॅपिंग फसलं का ते प्रत्येक वेळी तपासा. डीएमए एपीआय डीबग चालू असेल तर न तपासल्याची तक्रार कर्नल स्वतः करतो. मॅपिंग सोडताना पत्ता डिस्क्रिप्टरमधून वाचू नका, काही कार्डं त्याच जागी निकाल लिहितात; पत्ता आणि लांबी शेजारच्या वेगळ्या ॲरेत ठेवा. ‘बिझी’ परत करायचं असेल तर एसकेबी मोकळा करू नका, तो अजून कर्नलचा आहे. तुकड्यांचं मॅपिंग लिहिलेलं नसेल तर स्कॅटर-गॅदर (सुट्या तुकड्यांतून एक पॅकेट पाठवणं) येतं असं कर्नलला सांगू नका. न सांगितल्यास तो स्वतः सलग करून देतो. नापी पोलमध्ये बजेट (एका फेरीत हाताळायच्या पॅकेटांची मर्यादा) पूर्ण वापरलं असेल तर ‘काम संपलं’ कळवू नका. मल्टि-बाइट फील्ड थेट भरू नका, कार्डाच्या बाइटक्रमाचे (बहुधा लिटल-एंडियन, म्हणजे धाकटा बाइट आधी) टाइप वापरा आणि स्पार्स (असे टाइप तपासणारं साधन) चालवा. फ्री-नेटडेव्हनंतर (इंटरफेसचं स्ट्रक्चर मोकळं करणारं फंक्शन) ड्रायव्हरचं प्रायव्हेट स्ट्रक्चरही गेलेलं असतं, त्यातला पॉइंटर आधी काढून घ्या.

लहान फ्रेमचं पॅडिंगही हलक्यात घेऊ नका. फ्रेम चेकसम सोडून किमान 60 बाइटची हवी आणि उरलेली जागा शून्यांनी भरायला हवी. नुसती लांबी 60 सांगितली, तर मेमरीत आधी पडलेलं काहीही तारेवरून बाहेर जातं. 2003 साली ‘इथरलीक’ नावाने उघड झालेला दोष हाच होता आणि तो अनेक ड्रायव्हरांमध्ये सापडला. कर्नलमध्ये यासाठी एसकेबी पॅड करणारं तयार फंक्शन आहे. ते फसलं तर एसकेबी तेच मोकळा करतं, तुम्ही पुन्हा करू नका.