व्हिस्की प्यायला घ्यावी की ठेवायला? खरेदीपूर्वी पाहायच्या गोष्टी

महागड्या व्हिस्कीची बाटली घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरलेले असावे: ही बाटली आपण उघडणार आहोत की पुढे विकणार आहोत? ‘भाव वाढला तर विकू, नाही वाढला तर दिवाळीला उघडू’ असा मधला विचार पुष्कळांच्या मनात असतो आणि तो दोन्हीकडून अंगाशी येतो. पिण्यासाठी घेणाऱ्याने नक्षीदार खोक्याचे आणि मर्यादित आवृत्तीच्या क्रमांकाचे पैसे विनाकारण मोजलेले असतात, तर विकण्यासाठी ठेवणाऱ्याने कोणत्याही विमानतळावर हजारोंनी मिळणारी बाटली जपून ठेवलेली असते. माझे मत आधीच सांगून टाकतो: महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने व्हिस्की पिण्यासाठीच घ्यावी. गुंतवणुकीचा विचार, ज्याला माल कायदेशीरपणे विकता येतो त्यानेच करावा.

पहिली गोष्ट अशी, की बाटलीत भरल्यानंतर व्हिस्की मुरत नाही. तिचे मुरणे ओकच्या पिंपात होते, काचेत नाही. बारा वर्षांची स्कॉच कपाटात आणखी वीस वर्षे ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. त्यामुळे तिचा भाव वाढलाच तर तो केवळ दुर्मिळतेमुळे वाढतो. ज्या बाटल्यांचे उत्पादन आजही लाखोंनी होते त्या जपून ठेवल्याने दुर्मीळ होत नाहीत. वडिलांच्या कपाटात सापडलेली, कोणीतरी आखाती देशातून आणलेली जुनी ब्लेंडेड (अनेक कारखान्यांच्या व्हिस्की मिसळून केलेली) स्कॉच आठवण म्हणून मोलाची असेल, पण लिलावात तिच्यासाठी चढाओढ होईल अशी अपेक्षा धरू नये.

खरी दुर्मिळता कशी तयार होते ते पाहण्यासारखे आहे. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मागणीपेक्षा माल जास्त झाला आणि अनेक डिस्टिलऱ्या, म्हणजे मद्य गाळण्याचे कारखाने, बंद पडल्या. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा या दोन्ही १९८३मध्ये बंद झाल्या, रोझबँक १९९३मध्ये. त्या वेळी त्यांच्या मालाला कोणी फारसे विचारत नव्हते, पण पिंपांत उरलेला साठा जसजसा संपत गेला तसतसा त्याचा भाव चढत गेला. जपानमधील कारुइझावाचे उत्पादन २००० साली थांबले आणि पुढे तिच्या बाटल्यांचेही तेच झाले. अगदी टोकाचे उदाहरण म्हणजे मॅकॅलन १९२६, म्हणजे स्कॉटलंडच्या मॅकॅलन डिस्टिलरीत १९२६मध्ये गाळलेली व्हिस्की. साठ वर्षे एकाच पिंपात राहिलेल्या त्या व्हिस्कीच्या १९८६मध्ये केवळ ४० बाटल्या भरल्या गेल्या आणि त्यांपैकी एक नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ही उदाहरणे वाचून हुरळून जाण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहावी. यांतली एकही बाटली भरली जात असताना तिच्यावर ‘संग्राहकांसाठी खास’ असे छापून लाखभर प्रती काढलेल्या नव्हत्या. शिवाय ब्रोरा, रोझबँक आणि पोर्ट एलन या तिन्ही डिस्टिलऱ्या अलीकडच्या वर्षांत पुन्हा सुरू झाल्या आहेत, आणि २०२२च्या सुमारास शिखर गाठलेला लिलावबाजार त्यानंतर चांगलाच खाली आला आहे. चढत्या बाजारात घेतलेल्या अनेक बाटल्या आज खरेदीच्या भावालाही जात नाहीत.

आता हिशेब. समजा ब्रिटनमध्ये १०० पौंडांना घेतलेली बाटली पाच वर्षांनी लिलावात १५० पौंडांना गेली. कानाला हा पन्नास टक्के नफा वाटतो. लिलावगृहाचे दलाली आणि इतर शुल्क मिळून १० टक्के धरले तर हातात १३५ उरतात. पाठवणी, विमा आणि साठवणीचे किमान ५ पौंड वजा केले तर १३०. म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्के, तेही बाटली फुटली नाही, लेबल खराब झाले नाही आणि बाजार पडला नाही तर. बाटली मुळात लिलावातच घेतली असेल तर बोलीच्या रकमेवर खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क आणि त्यावरचा करही मोजावा लागतो, आणि तो भरून निघेपर्यंत नफ्याचा प्रश्नच येत नाही. मुदत ठेवीला निदान धूळ पुसावी लागत नाही.

भारतातल्या खरेदीदारासाठी मुख्य अडचण याच्याही आधी येते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्याची विक्री हा गुन्हा आहे, आणि खासगी व्यक्तीने आपल्या संग्रहातली बाटली मित्राला किंवा समाजमाध्यमावरच्या गटात पैसे घेऊन देणे हीसुद्धा विक्रीच ठरते. स्पिरिट प्रकारच्या मद्यासाठी राज्यात वयाची अट २५ वर्षांची आहे. बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि त्यावर किती साठा ठेवता येईल यालाही मर्यादा असते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकीत भरून आणलेला माल परवान्याशिवाय राज्याच्या हद्दीत आला, की बांदा येथील तपासणी नाक्यावर तो जप्त होऊ शकतो आणि वर गुन्हाही दाखल होतो. ब्रिटनमध्ये व्यक्ती आपली बाटली परवानाधारक लिलावगृहामार्फत विकू शकते. आपल्याकडे सामान्य संग्राहकाला असा रस्ता उपलब्ध नाही. जी वस्तू विकता येत नाही तिच्या वाढलेल्या भावाला कागदावरच्या आकड्यापलीकडे अर्थ नसतो.

त्यात आयात शुल्काची भर आहे. भारतात स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क आकारले जात आले आहे; जुलै २०२५मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारानुसार ते प्रथम ७५ टक्क्यांवर आणि नंतर दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचे आहे. ज्या मालावरचा कर टप्प्याटप्प्याने उतरणार असे ठरले आहे, तो माल चढ्या कराने घेऊन साठवणे हा उलटा व्यवहार झाला.

लंडन किंवा एडिंबरोत राहणाऱ्या आणि तिथले कायदे पाळून संग्रह करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी मात्र काही सूचना उपयोगी पडतील. बाटलीची किंमत दुकानातल्या फलकावरून ठरवू नये. ऑनलाइन लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर प्रत्यक्ष कोणत्या बोलीला बाटली गेली याच्या जुन्या नोंदी असतात, त्यांतल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी पाहाव्यात आणि सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवून विचार करावा. पुढची काळजी खरेपणाची. २०१८मध्ये स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन केंद्रात ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या २१ बाटल्या सरळ बनावट होत्या किंवा सांगितलेल्या वर्षाच्या नव्हत्या. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात मॅकॅलन १८७८ असे लेबल असलेल्या बाटलीतला एक छोटा पेला एका पाहुण्याने ९,९९९ स्विस फ्रँकना घेतला. पुढे शंका आल्यावर तपासणी झाली आणि ते मद्य १९७०च्या दशकाच्या आरंभीचे असल्याचे निघाले. हॉटेलने पैसे परत केले. ही तपासणी कार्बनच्या मोजमापावर चालते. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, तो बार्लीच्या पिकात उतरला आणि तिथून मद्यात आला. १८७८च्या बार्लीत तो असूच शकत नाही.

प्रत्येक बाटलीची अशी तपासणी अर्थातच परवडत नाही, म्हणून डोळ्यांना जे दिसते ते नीट पाहावे. बाटली उजेडासमोर उभी धरून द्रवाची पातळी मानेत कुठवर आहे ते पाहावे. जुन्या बाटलीत ती थोडी उतरलेली असते, खांद्याखाली गेली असेल तर बूच गळके आहे असे समजावे. त्याच काळातल्या दोन बाटल्यांच्या रंगात मोठा फरक दिसला तर संशय घ्यावा. लेबलच्या कडेला ताज्या गोंदाचा थर, झाकणावरच्या वेष्टनाला पडलेली नवी सुरकुती, काचेवर छापलेला उत्पादन क्रमांक खरवडलेला असणे, या खुणा महत्त्वाच्या. मूळ खोका आणि खरेदीची पावती जपून ठेवावी; पुढचा खरेदीदार सर्वांत आधी तेच मागतो.

बाटली नेहमी उभीच ठेवावी. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास चाळीस टक्के किंवा अधिक अल्कोहोल असलेले मद्य बुचाला सतत लागून राहते, बूच भुसभुशीत होते आणि चव बिघडते. ऊन आणि तापमानातले चढउतार टाळावेत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने लेबलवर बुरशी धरते, हे विक्रीचा विचार नसलेल्यांनीही लक्षात ठेवावे.

पिंप विकत घेण्याच्या जाहिरातींबद्दल थोडक्यातच सांगतो: त्यांपासून दूर राहावे. एकच पिंप अनेकांना विकल्याचे आणि अस्तित्वात नसलेली पिंपे विकल्याचे प्रकार ब्रिटनमध्ये पोलिस चौकशीपर्यंत गेले आहेत. स्कॉटलंडमध्ये पिंपातले मद्य वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, म्हणजे बारा वर्षांत पाचव्या हिश्श्याहून अधिक. तीव्रता ४० टक्क्यांखाली घसरली तर ते स्कॉच म्हणून विकताच येत नाही. आणि सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली) स्कॉच असेल तर बाटल्या स्कॉटलंडमध्येच भराव्या लागतात. विक्रेता पिंपाचा क्रमांक, गोदामाचे नाव आणि मालकी आपल्या नावावर झाल्याचे गोदामाचे पत्र देत नसेल तर बोलणे तिथेच संपवावे.

पिण्यासाठी खरेदी करताना लेबल वाचता आले की निम्मे काम होते. वयाचा आकडा असेल तर तो मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. तीव्रता ४० टक्क्यांऐवजी ४६ टक्के असेल आणि थंड करून गाळलेली नसल्याचा उल्लेख असेल, तर साधारणतः चव अधिक भरीव मिळते. गडद रंगावर भाळू नये, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीत मनुका-खजुराकडे झुकणारा गोडवा येतो, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपातली व्हॅनिला आणि नारळाकडे झुकते, तर आयला बेटावरच्या बहुतेक व्हिस्कीत पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराचा ठसका असतो. हा ठसका सर्वांना मानवत नाही, म्हणून पूर्ण बाटली घेण्यापूर्वी चांगल्या बारमध्ये ३० मिलिलिटरचा पेग घेऊन पाहावा. पाचशे रुपये गेले तरी आठ हजार वाचतात.

भारतीय सिंगल माल्टचा विचार मी आधी करेन. बंगळुरूच्या अमृतने २००४मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट बाजारात आणली. तिच्या फ्यूजनमध्ये भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटवर सुकवलेली बार्ली एकत्र येते, तीव्रता ५० टक्के. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या ब्रिलियन्समध्ये धूर अजिबात नाही, एडिटेडमध्ये थोडा आहे आणि बोल्डमध्ये भरपूर. या तीन बाटल्यांतून आपली आवड कोणत्या बाजूची आहे ते नेमके कळते. आपल्या उष्ण हवेत मद्य पिंपात झपाट्याने मुरते आणि झपाट्याने उडतेही, त्यामुळे या बाटल्यांवर सहसा वय छापलेले नसते. ते उणेपणाचे लक्षण मानू नये. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. ती जागा इथे सहज मिळणाऱ्या ब्रँडवर खर्च न करता, जी बाटली इथे येतच नाही तिच्यासाठी राखावी.

बाटली उघडल्यावर ती अर्धी होईपर्यंत घाई नसते. पातळी तिसऱ्या हिश्श्यावर आली की आतल्या हवेने सुगंध मंदावू लागतो, तेव्हा उरलेले मद्य स्वच्छ, कोरड्या, छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावे आणि त्यावर नाव व तारखेची चिठ्ठी लावावी.