उंदीर घरात येऊ नयेत म्हणून: पिंजऱ्याआधी पेन्सिल घ्या

पावसाचे दोन-चार मोठे सडाके झाले की बिळांत पाणी शिरतं आणि उंदरांचा मोर्चा घरांकडे वळतो. मग पिंजरा येतो, गोळ्या येतात, एखादा उंदीर सापडतो, आठवडाभर शांतता असते, आणि पुन्हा एका रात्री ओट्याखाली खुडबूड सुरू. याचं कारण बहुतेक वेळा एकच. उंदीर मारला जातो, पण तो आला ती वाट तशीच उघडी राहते. बाहेर उंदीर खूप आहेत आणि त्यांची पैदासही भराभर होते: घरउंदराची मादी तीनेक आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वितात. मारण्याच्या शर्यतीत आपण हरणारच. म्हणून निम्म्याहून जास्त मेहनत वाटा बंद करण्यात घाला.

आधी कोण आलंय ते ओळखा

लांब सोंडेसारखं नाक, उग्र वास, भिंतीला चिकटून चीं चीं करत पळणारा प्राणी दिसला तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच. झुरळं, किडे खाते, धान्याच्या डब्याकडे फारशी फिरकत नाही. तिला मारायच्या भानगडीत पडू नका, मोरीची जाळी नीट बसवली की ती यायची थांबते.

उरले तिघे. छोटा घरउंदीर कपाटात, गाद्यांत, फ्रिजच्या मागे राहतो. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि टोकदार असतात. दुसरा काळा उंदीर, शेपूट अंगापेक्षा लांब, पाइप, केबल, वेली आणि भिंत सहज चढतो. त्याच्या लेंड्या सेंटीमीटरभर लांब, आणि खुडबूड ऐकू येते ती माळ्यावरून किंवा फॉल्स सीलिंगमधून. तिसरी घूस. ती चढण्यापेक्षा उकरते. पायथ्याशी मातीचा ताजा ढीग, खचलेली फरशी, सरकलेलं चेंबरचं झाकण ही तिची कामं. मोठी घूस किलोभर वजनाचीही भरते, त्यामुळे घरातलं मांजर तिच्या वाटेला जात नाही.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण माळ्यावरच्या उंदरासाठी मोरीची जाळी बदलून काही होत नाही.

येण्याजाण्याची वाट शोधा

रात्री झोपताना ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीच्या उंबऱ्याशी आणि दाराजवळ साध्या पांढऱ्या रांगोळीची पातळ पट्टी भुरभुरा. पीठ नको, ते खाऊन टाकतील. सकाळी पट्टीत पावलं आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली की दिशा कळते. उंदीर मोकळ्या जागेतून चालत नाही, भिंतीला अंग घासत एकाच वाटेने जातो. त्यामुळे जुन्या वाटेवर भिंतीच्या तळाशी काळपट, तेलकट पट्टा उमटतो. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तर तो चटकन दिसतो.

एखादं भोक वापरात आहे की नाही याची शंका असेल तर त्यात वर्तमानपत्राचा बोळा ढिला कोंबा. सकाळी तो बाहेर पडलेला किंवा कुरतडलेला दिसला तर भोक चालू आहे.

भोकं बुजवा

आता पेन्सिल. ज्या फटीत पेन्सिल जाते त्या फटीतून घरउंदीर आत येऊ शकतो. त्याला जेमतेम ६ मिलिमीटर जागा लागते, डोकं शिरलं की अंग मागून येतंच. मोठ्या जातीच्या उंदरांना, विशेषतः त्यांच्या पिल्लांना, १२ मिलिमीटर पुरतात. पेन्सिल घेऊन घरभर फिरा, आणि जिथे ती आत जाते तिथे खडूची खूण करा.

फ्लॅटमध्ये बहुतेक खुणा स्वयंपाकघरातच पडतील. सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथे प्लंबरने मोठं भोक पाडलेलं असतं आणि ते कधीच बुजवलेलं नसतं. ट्रॉल्या काढून मागे पाहिल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून ट्रॉल्या काढाच. मग एसीच्या तांब्याच्या नळीभोवतीची फट, एक्झॉस्ट फॅनचा उघडा चौकोन, वॉशिंग मशीनचं पाणी मोरीत सोडणारा पाइप, केबल आणि वायफायच्या वायरींसाठी खिडकीच्या चौकटीत केलेलं भोक.

बुजवायचं कशाने, यात लोक सर्वांत जास्त फसतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला कुरतडत राहावंच लागतं. थर्माकोल, फडकं, रबर, लाकडाची पट्टी आणि फवाऱ्याने मारायचा फोम यातलं काहीही त्याला अडवत नाही. लहान भोकात भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी गच्च कोंबा आणि वरून सिमेंट किंवा एम-सील लावा. तारेतून दात पुढे सरकत नाहीत, आणि सिमेंटमुळे तार ओढून काढता येत नाही. नुसती तार किंवा नुसतं एम-सील लावून भागत नाही, दोन्ही एकत्र हवीत. मोठ्या भोकाला लोखंडी जाळी स्क्रूने आवळून बसवा, जाळीचा डोळा ६ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. खिडकीला डासांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कापतो. स्वयंपाकघराच्या खिडकीला तरी स्टीलची जाळी घ्या.

एक सावधगिरी. पाइप गॅस किंवा गॅस गिझर असलेल्या घरात हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम मोकळी ठेवलेली झडप असते. ती बुजवायची नाही. तिला फक्त जाळी लावा.

मोरीत आणि बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपवरची जाळी हाताने उचलून पाहा. सहज उचलली गेली तर उंदीरही ती डोक्याने ढकलतो. स्क्रूची किंवा खाचेत फिरवून बसणारी स्टीलची जाळी मिळते, ती लावा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे आजच करावं.

दाराखालची फट बहुतेकांना दिसतच नाही, कारण आपण ती वरून बघतो. रात्री जिन्यातला दिवा चालू ठेवून आतला बंद करा. दाराखालून उजेडाची रेघ आली तर तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकायची वेळ झाली. नुसती रबरी पट्टी पुरत नाही, कोपऱ्यातून कुरतडली जाते.

कोकणातल्या किंवा गावाकडच्या कौलारू घराचं गणित निराळं. तिथे उंदीर वरून येतो: भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामधली फट, वळचण, वाशांची टोकं. ती फट जाळीने शिवावी लागते आणि ते एका दिवसाचं काम नाही. पण निम्मं काम झाडांपाशी होतं. छपरावर आलेल्या फांद्या दीडेक मीटर मागे छाटा. घराला लागून असलेल्या नारळाच्या खोडाला, जमिनीपासून दोनेक मीटरवर, गुळगुळीत पत्र्याचा हातभर रुंद पट्टा गुंडाळा. बागायतदार नारळ वाचवायला हेच करतात, घरालाही त्याचा उपयोग होतो. घुशीचं बीळ बुजवताना खडी आणि फुटक्या काचा ठासून वर सिमेंटचा कोबा करा. नुसती माती लोटली तर दुसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तयार. काचेचं काम जाड हातमोजे घालूनच.

रात्रीचं जेवण बंद करा

हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. खरकटी भांडी रात्रभर सिंकमध्ये नकोत. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवीत नाही. धान्य स्टीलच्या डब्यांत हवं, गोणीत किंवा पातळ प्लास्टिकमध्ये नको. कुत्र्या-मांजराची ताटली झोपण्याआधी उचला. विसरलं जातं ते कबुतरांना टाकलेलं धान्य, देवघरातला नैवेद्य आणि समईतलं तेल. तेलात भिजलेली वात उंदराला फार आवडते, आणि पेटती वात ओढून नेली तर आगही लागू शकते.

आत राहिलेल्यांसाठी सापळा

भोकं बुजवताना काही उंदीर आतच अडकणार. त्यांना पिंजऱ्याने किंवा चापाच्या सापळ्याने पकडा. जागा भिंतीलगतची, रांगोळीत पावलं दिसली तिथली. चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवायचा. भाजलेलं खोबरं, भज्याचा तुकडा, शेंगदाण्याची चटणी, मासे खाणाऱ्या घरात सुक्या बोंबलाचा तुकडा, हे सगळं चालतं. आमिष दोऱ्याने बांधा, नाहीतर अलगद उचलून नेतील.

छोटा घरउंदीर चौकस असतो, नवी वस्तू लगेच हुंगतो. मोठा उंदीर मात्र नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी दोन-तीन रात्री चाप न लावता नुसतं आमिष ठेवा. बिनधास्त खायला लागला की चौथ्या रात्री चाप लावा. आणि एकाच सापळ्यावर भागवू नका, एका रात्री चार-पाच लावले तर काम लवकर संपतं.

पिंजऱ्यात सापडलेला उंदीर समोरच्या नाल्यात सोडण्यात अर्थ नाही, तो परत येतो किंवा शेजाऱ्याकडे जातो. चिकट पुठ्ठा मी तरी कुणाला सुचवत नाही. उंदीर त्यावर तासन् तास तडफडतो, आणि पाल, चिमणी, कधी मांजराचं पिल्लूही चिकटतं. भिंतीत खोचायच्या आवाजाच्या यंत्रांवर आणि डांबराच्या गोळ्यांवरही पैसे घालवू नका. उंदीर त्या आवाजाला सरावतो, आणि डांबरगोळ्या मुलांनी तोंडात घातल्या तर भलतंच होऊन बसतं.

विष शेवटी, आणि शक्यतो घरात नाहीच

बाजारातले ब्रोमाडायोलोनचे केक रक्त गोठू देत नाहीत. उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो, तोही कपाटामागे किंवा सीलिंगमध्ये, आणि मग आठवडाभर वास. असा उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं, म्हणजे आपली फुकटची मदत आपणच मारतो. झिंक फॉस्फाइड याहून वाईट. पोटातल्या आम्लात त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळणारं पिवळ्या फॉस्फरसचं विष माणसाचं यकृत निकामी करतं. मुलं असलेल्या घरात या दोन्ही वस्तू आणूच नका. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता वेष्टन घेऊन रुग्णालय गाठा.

लेंड्या झाडू नका

सुक्या लेंड्या झाडल्या की धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि कागदाने पुसून घ्या. उंदराचं मूत लागलेले धान्याचे डबे साबणाने धुवा, वरचं धान्य टाकून द्या.

आज उंदरांमुळे पावसाळ्यात खरी भीती असते ती लेप्टोस्पायरोसिसची. जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात जातात आणि पायाच्या जखमेतून आपल्या अंगात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याचे रुग्ण वाढले होते. अशा पाण्यातून चालल्यानंतर ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा. ते न सांगितल्याने निदान लांबतं.

इमारतीचं काम एकट्याच्याने होत नाही

आपला फ्लॅट कितीही बंद केला तरी डक्टमध्ये कचरा पडत असेल आणि पार्किंगमध्ये भंगार साठलं असेल तर उंदीर दार शोधत राहणारच. त्याच पार्किंगमध्ये ते गाड्यांच्या वायरीही कुरतडतात, आणि सोसायटीच्या सभेत हा मुद्दा डक्टपेक्षा लवकर मंजूर होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा. मे महिन्यात, पावसाआधी, तीन कामं सभेत लावून घ्या: डक्ट साफ करून तळाशी जाळी, फुटलेल्या चेंबरची झाकणं, पायथ्याच्या बिळांना कोबा. रस्त्यावरच्या किंवा गटाराच्या बिळांसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या. मुंबईत तर रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे मूषक संहारक पालिकेकडे आहेत. तक्रारीत बिळांची नेमकी जागा लिहा आणि फोटो जोडा.