गिअरबॉक्स उघडलेला असेल त्याच दिवशी जा

चंद्रपूरहून आयटीआयची पोरं नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपला न्यायची ठरली की पहिला फोन बसवाल्याला जातो. तो दुसरा करा. पहिला फोन तिथल्या फोरमनला, आणि विचारायचं एकच: "टेबलावर काय खोललेलं आहे?" डंपर-लोडरचे ट्रान्समिशन, कन्व्हर्टर, फायनल ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्या ठिकाणी रंग मारून पॅलेटवर ठेवलेला जॉब (म्हणजे दुरुस्तीला आलेला भाग) पाहून काहीही कळत नाही. बाहेरून तो नुसता पिवळा ठोकळा दिसतो. मी एकदा चोवीस पोरं घेऊन एका वर्कशॉपला गेलो, तर त्यांची साप्ताहिक सुटी. वॉचमनने मोठ्या आदराने रिकामं शेड दाखवलं. एमआयडीसीत सुटी रविवारीच असते असं धरून चालू नका. आदल्या आठवड्यात विचारा, आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हेल्मेट घालून कोणाचंही डोकं चालत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, सोबत नावांची यादी, अठराच्या आतल्यांच्या पालकांची संमती आणि प्रत्येकाचं ओळखपत्र. एसटीचा प्रासंगिक करार करणार असाल तर तो अर्ज वेळेत द्या. मुली असतील तर वर्कशॉपमध्ये बाईमाणसांचं स्वच्छतागृह आहे का, हे न लाजता विचारा. नसेल तर थांबा कुठे घ्यायचा ते आधीच ठरवा.

खरी तयारी वर्गात होते, आणि तिला चांगले दोन दिवस द्या. दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणींतले डंपर आमच्या पोट्ट्यांनी लांबून पाहिलेले असतात. इंजिनाचा जोर टायरपर्यंत कुठून कुठे जातो, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. फळ्यावर आडवी रेघ मारा: इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर, पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (ऑइलच्या दाबावरच्या क्लचने गिअर बदलणारा), प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन (जोर काटकोनात वळवणारी गिअरची जोडी), फायनल ड्राइव्ह (चाकाजवळचा शेवटचा गिअरसंच), चाक. कन्व्हर्टरसाठी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. बंद असलेल्याची पाती त्या वाऱ्याने फिरू लागतात. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल असतं आणि मधल्या स्टेटरमुळे, म्हणजे पात्यांच्या मधल्या चकतीमुळे, परतणारं ऑइल योग्य दिशेने वळतं, म्हणून टॉर्क वाढतो, एवढं सांगितलं की पुरे.

मग एक हिशेब त्यांच्याच हाताने करून घ्या. फायनल ड्राइव्हच्या सन गिअरला, म्हणजे मधल्या गिअरला, १८ दात आणि बाहेरच्या रिंगला ७२ धरा. दोघांच्या मध्ये फिरणारे छोटे गिअर ज्यावर बसवलेले असतात तो कॅरिअर. रिंग जाम, सन फिरतो, कॅरिअर चाकाला जोडलेला. ७२ भागिले १८ म्हणजे ४, त्यात १ मिळवला की ५. सनचे पाच फेरे, तेव्हा चाकाचा एक. मागे क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ३ धरलं तर चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे पंधरा. हे ज्याने स्वतः मांडलं आहे तो तिथे पोचल्यावर दात मोजायला लागतो. बाकीचे सेल्फी काढतात. (फोटोची परवानगी लेखी घ्या. नसेल तर मोबाइल बसमध्येच. ग्राहकाच्या जॉबवरची प्लेट फोटोत आली की फोरमनची पंचाईत होते.)

चोवीस जणांचे चार गट करा. सहापेक्षा जास्त पोरं एका टेबलाभोवती उभी राहिली तर मागच्यांना मिस्त्रीचा आवाज ऐकू येत नाही, क्रेनचा तेवढा येतो. प्रत्येक गटाला एकच वस्तू वाटून द्या: एकाला क्लच प्लेटा, एकाला बेअरिंग, एकाला गिअरचे दात, एकाला ऑइल. दिवसभर ती वस्तू तुमची, बाकीचं दिसेल ते बोनस. क्लच प्लेटांवाल्यांना सांगून ठेवा की आधी वास घ्या. जळलेल्या फ्रिक्शन प्लेटेचा वास नाकातून जाता जात नाही. शेजारच्या स्टील प्लेटेवर निळे-काळे चट्टे पडलेले असतात. तिथे प्रश्न विचारायचा तो "किती किमी चालली" हा नाही, "प्रेशर कुठे कमी पडलं" हा. या प्लेटा ऑइलच्या प्रेशरने एकमेकींवर दाबल्या जातात. पंप झिजला असेल किंवा पिस्टनचं सील गेलं असेल तर प्लेटा घसरतात आणि जळतात. नुसत्या प्लेटा बदलून जॉब पाठवला तर तो परत येतो.

दातवाल्यांना तुटलेला दात हातात मागायला लावा. थकून तुटलेल्या धातूच्या तोंडावर वाकड्या रेषा दिसतात, उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकताना काठच्या गाळावर राहतात तशा. एका झटक्यात तुटलेला भाग खरबरीत, दाणेदार असतो. हे एकदा बोट फिरवून पाहिलेलं पोरगं परीक्षेत फटीगची, म्हणजे धातूच्या थकव्याची, व्याख्या पाठ करत नाही. ऑइलवाल्यांनी मॅग्नेटिक प्लगवरचा (ऑइलमधला लोखंडी चुरा धरणाऱ्या चुंबकी बुचावरचा) चुरा बघायचा, आणि ऑइल रिपोर्टमधलं लोखंड, तांबं, सिलिकॉन काय सांगतात ते विचारायचं. सिलिकॉन वाढलं म्हणजे बहुतेक वेळा धूळ आत शिरली. खाणीजवळ राहणाऱ्यांना हे पटकन समजतं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र तडजोड नको. सेफ्टी शूज, पूर्ण पॅन्ट, कॉटनचा शर्ट. ओढणी नको, केस अंबाड्यात, कडं-अंगठी-चेन बसमध्ये. बेअरिंग इंडक्शन हीटरवर (चुंबकी क्षेत्राने धातू तापवणाऱ्या यंत्रावर) गरम करून शाफ्टवर बसवतात, तेव्हा हातातलं कडंसुद्धा तापू शकतं. सोबतच्या शिक्षकांपैकी कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी त्या कोपऱ्यात जाऊच नये. लटकत्या जॉबखालून कोणी चालायचं नाही, फोरमन चालला तरी नाही. टेस्ट बेंचवर ऑइल गळताना दिसलं तर बोट लावायचं नाही. प्रेशरची बारीक धार कातडीतून आत जाते.

मिस्त्रीचा वेळ मागून घ्या, पण त्याचं काम थांबवू नका. शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून बेअरिंगचा प्ले, म्हणजे मोकळीक, बसवत असेल तर मोजमापाच्या डायलचा काटा पाहायचा आणि गप्प राहायचं. तो स्वतःच मान वर करून बोलेल. आमच्या मागच्या भेटीत एका वयस्क मिस्त्रींनी पिनियनच्या दातांना निळा रंग लावला, एक फेरा फिरवला आणि क्राउनवर उमटलेला ठसा दाखवून पोरांना विचारलं, "हे टाचेला लागतंय की बोटाला?" (क्राउनच्या दाताचं बाहेरचं टोक म्हणजे टाच, आतलं म्हणजे बोट.) वीस मिनिटं नुसता गोंधळ. मी मध्ये पडलो नाही.

निघायचं सहाला. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, जामला चहा-पोह्यांचा थांबा धरून दहापर्यंत पोचता येतं. पाणी भरपूर घ्या, छोटी वही आणि पेन्सिल द्या, कारण तेलकट बोटांनी बॉलपेन चालत नाही. आणि हात धुवायला बसमध्ये कपडे धुण्याच्या पावडरची एक पिशवी, थोडा लाकडाचा भुसा ठेवा. परतताना पोरं पुन्हा जामला उतरतात, आणि तर्रीच्या ताटात ग्रीसचा हात आधी जातो.