विमा लोकपालांचा निकाल लागला, पण पैसे आले नाहीत: मी नागपुरातून काय केलं

निकालाचं पत्र मला जानेवारी २०२५ मध्ये मिळालं. पॉलिसी रद्द करून भरलेले ३ लाख रुपये परत द्या, असं विमा लोकपालांनी, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, कंपनीला सांगितलं होतं. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि मुलीला फोन केला. प्रत्यक्षात पैसे खात्यात यायला मार्चचा मध्य उजाडला, आणि तेव्हाही ते पूर्ण आले नाहीत. जिंकल्यावर माणूस हुश्श करतो आणि नेमका तिथेच ढिला पडतो. म्हणून तक्रार करण्यापेक्षा निकालानंतर काय करायचं, ते मी इथे जास्त लिहिते आहे.

आधी काय घडलं ते सांगते. मी नागपुरात स्टाफ नर्स होते. मे २०२३ मध्ये रिटायर झाले. ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत टाकायला बँकेत गेले, तर तिथला एक मुलगा म्हणाला, "काकू, एफडीत काय ठेवता, पेन्शन प्लॅन घ्या. एकदाच ३ लाख भरायचे, पुढच्या वर्षीपासून महिन्याच्या महिन्याला पैसे सुरू." टॅबवर फॉर्म त्यानंच भरला. माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मीच त्याला वाचून दाखवला. जून २०२४ मध्ये पेन्शन सुरू व्हायच्या ऐवजी दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. दरवर्षी ३ लाख, १० वर्षं! माझं निवृत्तिवेतन तेव्हा महिन्याला ३३ हजार होतं.

पॉलिसी हातात पडून ३० दिवस झाले नसतील, तर पुढचं काही वाचत बसू नका. आजच कंपनीला लिहा, की ही पॉलिसी मला नको. या मुदतीला फ्री-लूक म्हणतात आणि तिच्यात कारण पटवून द्यावं लागत नाही. माझी मुदत केव्हाच उलटून गेली होती.

मुदत गेली असेल, तर बाँडसोबत (पॉलिसीच्या कागदासोबत) प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची प्रत असते, ती काढा. मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून, बोट ठेवून एकेक रकाना वाचला. व्यवसाय: कापड व्यापार. वार्षिक उत्पन्न: १२ लाख. ई-मेल कुणा अनोळखी माणसाचा. सही माझीच, टॅबवर बोटानं काढलेली, शेवटची रेघ थरथरलेली. जन्मभर इंजेक्शनं देणाऱ्या बाईला कागदावर कापडाचं दुकान काढून दिलं होतं. त्या पानाला मी माझी पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली. माझं प्रकरण या तीन कागदांवर उभं राहिलं. "मला फसवलं" असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा "३३ हजार पेन्शनवाली बाई वर्षाला ३ लाख कुठून भरणार?" हा एक प्रश्न पुरला.

पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे तक्रार पोचली पाहिजे. फी नाही, वकील लागत नाही, रक्कम ५० लाखांपर्यंत चालते. नागपूरकरांसाठी कार्यालय पुण्याचं, नारायण पेठेतलं, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणीही व्हिडिओवर होते. माझी सुनावणी डिसेंबरात झाली, मानेवाड्याच्या घरातल्या पलंगावर बसून. पॉलिसी देण्याआधी कंपनीनं मला केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग त्यांनी लावलं. त्यात मी सगळ्याला "हो, हो" म्हटलेलं होतं. ऐकून पोटात गोळा आला. मग सरळ सांगितलं, की शेजारी बसलेला तो मुलगा हो म्हणा म्हणत होता आणि मी म्हणत गेले. तुमचंही असं रेकॉर्डिंग निघेल. घाबरू नका आणि खोटं तर अजिबात बोलू नका.

आता निकालानंतरचं.

लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तिला त्याची अंमलबजावणी करावी लागते. हे दिवस निवाडा कंपनीला मिळाल्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून ती तारीख पक्की करणं हे पहिलं काम. मला पत्र मिळालं त्याच दिवशी, २० जानेवारीला, मी निवाड्याची प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलनं पाठवली आणि पोच मागितली. संध्याकाळी आपोआप येणारं उत्तर आलं, त्यावर तक्रार क्रमांक आणि तारीख होती. पुढे "आम्हाला निवाडा उशिरा मिळाला" असं म्हणायला त्यांना जागा उरली नाही.

त्याच मेलमध्ये रद्द केलेला चेक, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान जोडा. ते मागतील तेव्हा देऊ, असं म्हणू नका. माझ्या पासबुकावर नुसती आद्याक्षरं आणि पॉलिसीवर पूर्ण नाव होतं. एवढ्या कारणावरून फाइल बारा दिवस पडून राहिली. बँकेकडून नाव आधीच जुळवून घेतलं असतं, तर ते दिवस वाचले असते. हप्ता आपोआप कापायची जी परवानगी खात्यावर दिलेली असते, तीही लगेच बंद करा. निकाल लागला म्हणून ती आपोआप बंद होत नाही.

शाखेत मी चार चकरा मारल्या. दर वेळी एकच, "वर पाठवलं आहे काकू, होऊन जाईन." त्या चार चकरांचा एकही कागद माझ्याकडे नाही, म्हणजे त्या झाल्याच नाहीत असं धरा. पाचव्यांदा गेले ती पत्राच्या दोन प्रती घेऊन, आणि एका प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कंपनीनं डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम स्वीकारल्याची सही करून द्यायचा कागद, पाठवलं. इथे फार सांभाळा. रकमेची जागा कोरी आणि खाली छापलेलं, की ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारत आहे, यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही. कोऱ्या रकमेवर सही करू नका. मी स्वतःच्या हातानं आकडा लिहिला, तो छापील मजकूर खोडला, खोडल्या जागी सही केली आणि खाली लिहिलं: "निवाड्यानुसार मुद्दल रु. ३,००,००० स्वीकारण्यास संमती. विलंब झाल्यास व्याज व दंडावरचा माझा हक्क राखून." एका बाईनं फोन करून नवीन व्हाउचर भरा म्हटलं. मी त्यांना हे मेलवर लिहून पाठवा म्हटलं. मेल आलाच नाही.

१९ फेब्रुवारीला ३० दिवस संपले. २० तारखेला सकाळीच मी पत्र पाठवलं. ते असं होतं:

"आपणांस निवाडा दि. २० जानेवारी २०२५ रोजी प्राप्त झाला. अंमलबजावणीची ३० दिवसांची मुदत काल संपली. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकानुसार मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदारास रु. ५,००० दंड देय आहे. हा दंड व्याजाव्यतिरिक्त आहे. मुद्दल, व्याज व दंडाची रक्कम माझ्या खात्यात जमा करून हिशेबाचा तक्ता पाठवावा."

पत्रात रडगाणं नको आणि धमकीही नको. तारखा आणि आकडे तेवढे स्वच्छ पाहिजेत. एक प्रत पुण्याला लोकपालांच्या कार्यालयात पाठवा, कारण अंमलबजावणी झाल्याचं कंपनीला त्यांना कळवावं लागतं. दुसरी तक्रार नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर टाका. पोर्टल जमत नसेल तर १५५२५५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. मी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टही केलं आणि पावती निवाड्याच्या मागे टाचली.

१८ मार्चला ३ लाख आले. फक्त मुद्दल. घरचे म्हणाले, जाऊ दे, मिळाले ना. मला ते पटलं नाही. २० फेब्रुवारी ते १७ मार्च, २६ दिवस. दंड १,३०,०००. व्याज बँक रेट (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो एक दर) अधिक २ टक्के. त्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा बँक रेट ६.७५ होता, म्हणून ८.७५ टक्क्यांनी २६ दिवसांचे १,८७० रुपये. वहीच्या एका पानावर हा हिशेब मांडला, त्याचा फोटो आणि पासबुकातली नोंद पुन्हा त्याच तीन ठिकाणी पाठवली. मे महिन्यात १,३१,८७० रुपये जमा झाले. ती माझ्या हक्काची रक्कम होती आणि मागितली नसती तर मिळाली नसती.

कंपनी म्हणेल, "आम्ही कोर्टात जातो आहोत." मग लेखी विचारा, की स्थगिती मिळाली आहे का, असेल तर आदेशाची प्रत द्या. नुसतं जाणार आहोत म्हणण्यानं मुदत थांबत नाही. एवढं करूनही कंपनी हललीच नाही, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग आहे. तिथे मात्र वकील लागेल. तुम्ही लोकपालांऐवजी जिल्हा ग्राहक आयोगातून आदेश मिळवला असेल, तर २०१९ च्या कायद्याचं कलम ७१ वसुलीसाठी आणि ७२ शिक्षेसाठी आहे. त्याचा अर्ज त्याच आयोगात करायचा. आणि चुकीचा सल्ला एनपीएसबद्दल (राष्ट्रीय पेन्शन योजना) मिळाला असेल, तर हे दारच वेगळं, तक्रार पेन्शन नियामकाच्या यंत्रणेकडे जाते.

शेवटी कंपनीकडून पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र घ्या. माझं जूनमध्ये आलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लागलं. ती फाइल सध्या माझ्याबरोबर वॉर्डात काम केलेल्या एका सिस्टरकडे आहे. तिच्या फॉर्मवर तिला हॉटेलची मालकीण केलं आहे. कंपनीनं उत्तर द्यायचा तिचा महिना येत्या सोमवारी संपतो, आणि मंगळवारी सकाळी आम्ही दोघी तिची तक्रार भरायला बसणार आहोत.