‘नीट बघून घे’ म्हणजे नेमकं काय बघायचं

माझ्या भाच्याने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा मला फोन केला होता. मी कामात होते. ‘नीट बघून घे रे,’ एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. त्याने त्याच्या परीने नीटच बघितली. रंग बघितला, सीट बघितल्या, एसी लावला, एक चक्कर मारली. आठ दिवसांनी कौतुकाने मला दाखवायला घेऊन आला. मी चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचे दिवे बघितले. इंजिनचा लागला, बॅटरीचा लागला, ऑइलचा लागला. एअरबॅगचा लागलाच नाही.

हा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागतो आणि आपणहून विझतो. विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. गॅरेजमध्ये स्टीअरिंगचं मधलं झाकण उघडलं तर आत एअरबॅग नव्हतीच. समोरून धडक बसून ती कधीच फुटून गेली होती आणि वर नुसतं नवं झाकण बसवलं होतं. त्या गाडीतून आठ दिवस तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी फिरत होते. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

अपघात झालेल्या गाड्यांचं नुकसान मोजणं हे माझं बावीस वर्षांचं काम. चेपलेला पत्रा रोज बघते आणि तोच पत्रा पुन्हा बाजारात कसा उभा राहतो हेही बघते. तरी घरच्या पोराला मी दोन शब्दांत वाटेला लावलं. त्या ‘नीट’मध्ये काय काय येतं, ते आता सविस्तर लिहिते. सूत्र एकच आहे: गाडी, कागद आणि विकणारा माणूस या तिघांनी एकच हकीकत सांगायला हवी. कुठे फाटा फुटला, तर तिथे थांबून कारण विचारायचं.

सुरुवात फोनवरच होते. नोंदणी तुमच्याच नावावर आहे का, गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे, का विकताय, कुठे ठोकली होती का, कर्ज आहे का, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. तीच उत्तरं पुढे कागदांशी आणि पत्र्याशी ताडून बघायची आहेत. मग सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ वेळ दिवसाउजेडीची घ्या. संध्याकाळचा पिवळा प्रकाश आणि नुकतीच धुतलेली, ओली गाडी असेल तर रंगातला फरक दिसत नाही. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. कोमट लागलं तर गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते ऐकण्याची संधी गेली. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत जा.

कागद गाडीच्या आधी बघा, कारण गाडी आवडली की कागदांकडे डोळेझाक होते. नोंदणीपत्रावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. ‘मित्राची आहे, तो परदेशात आहे’ असं कोणी म्हटलं, तर त्या मित्राशी थेट बोलणं झाल्याशिवाय आणि त्याने लेखी अधिकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग चासी नंबर, म्हणजे त्या एकाच गाडीची ओळख सांगणारा नंबर. आजच्या गाड्यांना तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. हा नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कडेला किंवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरही असतो. सगळीकडचा आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. ठोकलेल्या नंबराभोवती घासल्याच्या खुणा, ताजं वेल्डिंग किंवा वेगळ्या जाडीचा रंग दिसला, तर तिथून निघा. त्यावर घासाघीस करू नका.

कर्जाचा बोजा असेल तर तो फिटल्याचं कर्ज देणाऱ्याचं पत्र हवं आणि नोंदणीतूनही तो उतरलेला हवा. ‘तुमच्या पैशांतून फेडतो’ म्हणाला, तर ते पैसे थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. थकलेले दंड आणि कर हेही बघून घ्या.

त्याच चासी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपला विचारा की या गाडीवर एखादा रिकॉल, म्हणजे कारखान्यातल्या दोषासाठी कंपनीने गाडी परत बोलावून करायची दुरुस्ती, बाकी आहे का. ही गोष्ट फार थोडे लोक विचारतात. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये बॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट हा स्फोटक पदार्थ होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने तो बिघडायचा आणि बॅग फुगताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. कित्येक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. ही दुरुस्ती सहसा फुकट होते, पण जुन्या गाडीच्या नव्या मालकापर्यंत ते पत्र पोचतच नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवू नका. डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. आकडा प्रत्येक बिलावर वाढत गेला पाहिजे. मग गाडीकडे बघा. मीटर कमी दाखवतोय, पण क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टीअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलीय, तर मीटर खोटं बोलतोय. अगदी नवं पेडल-रबर आणि जुनी सीट हीसुद्धा न जुळणारी जोडी आहे. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी टायरपेक्षा पाच वर्षांनी जुनी असेल आणि मीटर १५ हजार दाखवत असेल, तर चारही टायर कशासाठी बदलले, हे विचारायलाच हवं.

आता पत्रा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा. गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि कोपऱ्यातून, एका कडेने नजर टाका. प्रतिबिंब सरळ धावतंय की मध्येच लाटेसारखं हलतंय? हलत असेल तर खाली पुट्टी असण्याची शक्यता मोठी. मग जवळ येऊन दरवाजे, बोनेट आणि डिकी यांच्या फटी बघा. डावी-उजवी सारखी हवी. बोनेटच्या बिजागरीचे आणि मडगार्डचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो. पान्याने ओरखडलेला बोल्ट म्हणजे तो भाग कधीतरी उतरला होता. दरवाजाच्या आणि बोनेटच्या कडेला सीलंटची रेघ असते. मशीनची रेघ एकसारखी असते, हाताने ओढलेली जाडबारीक होते. रबराच्या पट्टीवर किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत रंगाचे तुषार दिसले, तर ती बाजू रंगवलेली आहे.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर फार उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. सगळीकडे १२० आणि एका दरवाजावर २५० असेल, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलाय. हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टीचा थर आहे. लोहचुंबकाची जुनी युक्ती ॲल्युमिनियमच्या बोनेटवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

पण रंगवलेला दरवाजा म्हणजे वाईट गाडी नव्हे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ओरखडा येणारच. मला भीती वाटते ती सांगाड्याची. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे पुढचे दांडे बघा. त्यावर सुरकुती, ठोकून सरळ केल्याच्या खुणा किंवा नंतरचं वेल्डिंग असेल तर गाडी सोडा. डिकीतली मॅट उचला, स्टेपनी काढा, खालचा पत्रा बघा. मागून बसलेली धडक तिथे लपते. दरवाजाच्या चौकटीचं रबर हळूच ओढलं की खाली स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे ओळीने दिसतात. एका बाजूला ते आहेत आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत थर, म्हणजे खांब कापून जोडलेला असू शकतो. दोन मोडक्या गाड्यांची एक गाडी केलेली मी पाहिलीय. पुढच्या धडकेत ती त्या जोडावरच उघडते.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. तो सहज परत जायला हवा आणि झटका दिला की अडकायला हवा. सैल पडून राहिला किंवा जाम झाला, तर धडकेच्या वेळी तो घट्ट ओढणारी यंत्रणा उडून गेली असेल. ओढलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाकडे चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडाली होती. धुताना बेल्ट इतका कोणी बाहेर काढत नाही. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत वाफ, उग्र सुगंधी फवाऱ्याखाली कुबट वास या त्याच्या इतर खुणा. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगमधला गंज महिनोन् महिने वाढत राहतो आणि नेमका कधी त्रास देईल ते सांगता येत नाही.

एअरबॅगच्या दिव्याची आणखी एक मेख आहे. काही जण तो दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात, म्हणजे तो लागतो आणि विझतोही. तो ऑइलच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझला, तर संशय घ्या. काही जण बॅगेच्या जागी रोधक (रेझिस्टर, विजेच्या वायरीत बसवायचा छोटा भाग) बसवून यंत्रणेलाच फसवतात. ते फक्त जाणता मेकॅनिक शोधू शकतो.

आता इंजिन सुरू करा, पण एक माणूस मागे सायलेन्सरजवळ उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. गार सकाळी थोडी पांढरी वाफ निघते आणि थांबते, त्यात काही नाही. दाट पांढरा धूर थांबेचना आणि गोडसर वास आला, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर तोच संशय, मात्र फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही ती साचते, म्हणून कूलंटची पातळीही बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट असेल तर तो कधी बदलला याचं बिल मागा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. निदान अर्धा तास, गर्दीतून, चढावरून आणि मोकळ्या रस्त्यावरून. वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिला आणि आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टीअरिंग क्षणभर सैल सोडा आणि गाडी एका बाजूला ओढते का बघा.

इंजिनचा दिवा बंद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाड, म्हणजे फॉल्ट कोड, विकण्याच्या आदल्या दिवशी पुसता येतात. पण पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर बॅटरी नुकतीच काढली होती का, ते विचारा. नसेल, तर कोड पुसलेत. विजेवरची गाडी असेल तर बॅटरीची उरलेली क्षमता वर्कशॉपमधून लेखी घ्या आणि बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाला लागू होते का ते वाचा.

एवढं सगळं पटलं, तरी गाडी तुम्ही निवडलेल्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको. त्याने नकार दिला तर तो नकारच उत्तर समजा. मेकॅनिककडून दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्या आणि भाव करताना तो कागद पुढे ठेवा.

गाडी न बघता ॲडव्हान्स देऊ नका. पैसे बँकेतून, नोंदणीपत्रावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. हस्तांतराच्या कागदांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. ताबा घेताना एका कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या करा, म्हणजे आधीच्या दंडाचा किंवा अपघाताचा प्रश्न आला, तर तो तुमच्या ताब्याआधीचा आहे हे दाखवता येईल. दुसरी चावी मागून घ्या. विमा लागू झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

भाच्याने पुढे दुसरी गाडी बघितली तेव्हा मी बरोबर गेले. गाडीच्या मालक एक निवृत्त बाई होत्या. आम्ही काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘मागचा डावा दरवाजा खांबाला घासला होता, रंगवून घेतलाय.’ रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. त्या दरवाजावर २१०, बाकी सगळीकडे ११५ ते १३०. बिलांच्या फाइलमध्ये त्या रंगाचंही बिल होतं. भाच्याने खाली वाकून चासी नंबर मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मी कागदावर बोट ठेवलं.